शिंपल्यातले विष, वेदनेवरचे औषध



विसर्जन झाले की आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात मासळी परत येईल. कोकण-गोव्याकडच्या मंडळींना तिसऱ्यांची आठवण होईल. म्हणून आजचा विषय शिंपल्यांपासूनच सुरू करतो.

अनिल कुंबळे यांच्या आडनावातले कुंबळे गाव मंगळूरच्या दक्षिणेला, आजच्या कासरगोड जिल्ह्यात आहे. एप्रिल १९८३ मध्ये तिथल्या खाडीतल्या शिंपल्या खाऊन काही जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एक मुलगा दगावला. मंगळूरचे मत्स्य महाविद्यालय तेव्हा आपल्या बंगळूरच्या कृषी विद्यापीठाकडे होते. तिथल्या डॉ. इड्या व डॉ. इंद्राणी करुणासागर आणि सहकाऱ्यांनी या विषबाधेचा अभ्यास करून १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला.

शिंपल्या पाणी गाळून त्यातली सूक्ष्म शैवाले खातात. काही शैवाले सॅक्सिटॉक्सिनसारखी विषे तयार करतात आणि ती शिंपल्याच्या मांसात साठतात. शिंपला ताजाच दिसतो, चवही बदलत नाही आणि कितीही शिजवले तरी विष जात नाही.

आपल्या मज्जातंतूंना सोडियम आत घेणारी अतिसूक्ष्म दारे असतात. ती उघडली की संदेश पुढे जातो. हे विष दाराला बाहेरून बूच लावते. आधी ओठ-जीभ बधिर होतात, मग हातपाय गळतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. पण वेळेवर कृत्रिम श्वास दिला, तर शरीर विष लघवीवाटे टाकून देते आणि रोगी वाचतो.

आता दुसरी बाजू पाहा. दाताच्या डॉक्टरांचे भुलीचे इंजेक्शन हीच दारे आतून बंद करते. मग हे विष थेंबभर, नेमक्या जागी टोचले तर? चिलीतील संशोधकांनी याच कुळातले निओसॅक्सिटॉक्सिन रुग्णांवर वापरून पाहिले. बोस्टनच्या बालरुग्णालयातील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. निरोगी स्वयंसेवकांत, नेहमीच्या भुलीच्या औषधासोबत दिल्यास बधिरपणा बराच जास्त टिकला. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनसारखी औषधे कमी लागावीत, ही यामागची आशा. काम अजून संशोधनाच्याच टप्प्यात आहे.

प्रयोगशाळेत मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली असते. ताटातल्या शिंपल्यावर ती लिहिलेली नसते. म्हणून एवढे लक्षात ठेवा: शिंपल्या खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तडक रुग्णालय गाठा आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा.

गणपती बाप्पा मोरया!