गाडी सोडायची की नाही

(महापालिकेच्या वाहन कार्यशाळेत काम करणाऱ्या सहा मेकॅनिक महिलांनी मिळून तयार केलेलं रेडिओ-भाषण)

शहरात पाहुण्यांकडे मुक्कामाला गेलात तर सकाळी गाणं वाजवत घंटागाडी येते, ती तुम्ही पाहिली असेल. मागोमाग पाण्याचा टँकर येतो, तुंबलेलं गटार उपसणारी गाडी येते. कुणाचं काही बरंवाईट झालं तर शववाहिकाही महापालिकेचीच. या सगळ्या गाड्या रात्री जिथे मुक्कामाला असतात, तिथे आम्ही कामाला आहोत. आम्ही सहाजणी. दोघी कायम, चौघी ठेकेदारामार्फत. चौघींची माहेरं खेड्यातली, घरात ट्रॅक्टरसुद्धा नव्हता.

लोक पहिला प्रश्न ठरलेला विचारतात. एवढ्या अवजड गाडीचं काम बाईला झेपतं का? अहो, गिअरबॉक्स पुरुषानेही उचलायचा नसतो. तो ट्रॉली जॅकवर घेऊन उतरवतात. आमच्याकडचे जुने मिस्त्री तरुणपणी तो छातीवर घेऊन उतरवायचे. आज त्यांच्या कमरेला पट्टा आहे. चाकाचा नट गंजून बसला असेल तर पान्याच्या दांड्याला लांब पाईप लावायचा. दगड उकरताना पहार लांब असली की जोर कमी लागतो, तसंच ते. या कामात ताकदीपेक्षा कान लागतो, नाक लागतं, आणि हात लावून पाहायची सवय लागते. चुलीवरच्या भाकरीचा वास बदलला की बाई दुसऱ्या खोलीतून धावत येते ना, तसं क्लच प्लेट जळायला लागली की आम्हाला फाटकातच कळतं.

इंग्लंडची एलिझाबेथ राणी व्हायच्या आधी, १९४५ साली, लढाईच्या काळात लष्कराच्या महिला पथकात दाखल झाली आणि गाडी चालवणं व दुरुस्त करणं शिकली. राजकन्येला चालतं, मग आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंना का चालू नये, असं आम्ही त्यांना गमतीने म्हणायचो. त्यांची खरी अडचण वेगळी होती. मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “पोरींनो, अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं, सगळं काढून डब्यात ठेवा, मग हात लावा.” सासूबाई म्हणाल्या, “नवरा धडधाकट असताना गळा उघडा?” यात शकुन-अपशकुनाचा संबंध नाही. बॅटरीच्या एका टोकाला पाना लागलेला असताना हातातली अंगठी किंवा बांगडी गाडीच्या पत्र्याला टेकली, तर सगळा करंट त्या धातूतून जातो. क्षणात ती लाल होते आणि बोट भाजून निघतं. फिरत्या फॅनबेल्टमध्ये ओढणीचं टोक किंवा गळ्यातलं अडकलं तर विचारायलाच नको. शेवटी मुलाने सासूबाईंना कार्यशाळेत आणलं, चालू इंजिनासमोर उभं केलं. घरी जाऊन त्यांनीच खोबरेल तेलाचा एक रिकामा डबा घासून दिला. त्यात आता मंगळसूत्र असतं.

आता कामाचं सांगतो. कचऱ्याची गाडी दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरच धावते. ऐकायला किती कमी वाटतं! एसटी तेवढं अंतर तासाभरात कापते. पण ही गाडी प्रत्येक गल्लीत थांबते, निघते, पुन्हा थांबते. दर थांब्याला ब्रेक, दर निघण्याला क्लच. कचरा दाबणारी मोठी गाडी असेल तर जागेवर उभी राहूनही इंजिन जोरात चालवावं लागतं, कारण दाबायच्या यंत्राला ताकद इंजिनाकडूनच मिळते. म्हणजे काटा किलोमीटर कमी दाखवतो आणि इंजिन मात्र सात-सात तास राबलेलं असतं. नुसते किलोमीटर बघून तेल बदललं तर इंजिन वेळेआधी जातं. म्हणून आम्ही तासांचा हिशोब ठेवतो. बाई दिवसभरात घराबाहेर किती लांब गेली यावर तिचं काम मोजलं तर कसं होईल, तसंच हे.

त्यात ओल्या कचऱ्याचं पाणी. ते आंबट असतं, लोखंड खातं. आधी तळाचा पत्रा खातं, मग ब्रेकच्या नळ्या, मग वायरींचे जोड. उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. गाडी आली की आधी पाण्याने खालून धुऊन घ्यायची, मगच खाली जायचं. आणि खाली जाताना नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जायचं नाही. लोखंडी स्टँड लावायचा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यायचे. मागचा डबा वर उचललेला असेल तर त्याला टेकू दिल्याशिवाय मान आत घालायची नाही. तेलाच्या दाबावर उभा असलेला डबा, नळी फुटली तर, सांगून खाली येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आमचा जातो ब्रेकवर. मोठ्या गाड्यांचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. ड्रायव्हरने पाय दाबला की ती हवा दांड्याला ढकलते, दांडा लायनरला ढकलतो, आणि लायनर चाकाच्या ड्रमला आतून घट्ट धरतो. लायनर झिजत गेला की दांड्याला जास्त लांब जावं लागतं. मग ब्रेक उशिरा लागतो. म्हणून अंतर वरचेवर तपासून जुळवावं लागतं. पावसाळ्यात टाकीत हवेबरोबर पाणी जमतं, ते रोज तळाच्या कॉकमधून सोडून द्यायचं. पाणी साचलं तर आतून गंज, आणि हवेला जागा कमी.

कधी लायनर जाड असतो तरी धरत नाही. सारखं तापून तो काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. जातं गुळगुळीत झालं की पीठ जाडंभरडं पडतं, मग जात्याला टाकी लावायला लागते. आम्ही लायनर घासून खरखरीत करतो, फार तापलेला असेल तर बदलतोच. ती धूळ मात्र हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. जुन्या मंडळींना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता ज्यासाठी मुद्दाम बोलायला आलो ते. मालवाहू आणि प्रवासी गाड्यांना आरटीओचं योग्यता प्रमाणपत्र लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. पण ती तपासणी एका दिवसाची. बाकीच्या दिवशी गाडी रस्त्यावर सोडायची की नाही, हे मेकॅनिक ठरवतो, किंवा ठरवायला हवं. प्रत्येक गाडीचं एक जॉबकार्ड असतं. ड्रायव्हरने काय तक्रार केली, आम्ही काय पाहिलं, काय बदललं, आणि खाली सही.

एका संध्याकाळी एका मोठ्या गाडीची तक्रार आली, “ब्रेक मारला की एका बाजूला ओढते.” मागची चाकं उतरवली. एका बाजूचा लायनर रिव्हेटपर्यंत झिजला होता आणि रिव्हेटने ड्रमला चर पाडले होते. स्टोअरमध्ये त्या मापाचा लायनर नव्हता. साहेब आले. म्हणाले, “जुळवून द्या, उद्याची एक फेरी मारू दे. त्या वॉर्डात दोन दिवस कचरा पडून आहे, वरून फोनवर फोन येताहेत.” त्यांचंही खोटं नव्हतं. कचरा खरंच पडून होता. पण ती गाडी ज्या रस्त्याने उतरते, तिथे उतारावर शाळा आहे आणि वेळही शाळा भरायचीच. आम्ही कार्डावर लिहिलं, ‘मागील डावा लायनर संपलेला, ड्रम खराब, गाडी रस्त्यावर सोडण्यायोग्य नाही.’ तारीख, वेळ आणि तिघींच्या सह्या.

साहेब म्हणाले, “सही दुसरा कुणी करेल.” मिस्त्रीकाका लांब बाकावर चहा पीत होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं आणि म्हणाले, “या पोरींनी लिहिलंय त्याच्याखाली मी वेगळं कसं लिहू?” कुणीच सही केली नाही. गाडी दोन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी लायनर आले, ड्रमही आला. एरवी महिनाभर न येणारा माल कसा आला, ते कार्डाला विचारावं.

याची किंमत पडली. आम्हा तिघींना ठेकेदाराने ब्रेकच्या कामावरून काढून टायरच्या शेडमध्ये टाकलं. तीन महिने नुसती पंक्चरं. कचरा डेपोवर जाणाऱ्या गाड्यांची पंक्चरं म्हणजे काय असतं, हे ज्याने काढलंय त्यालाच माहीत. पगार कापला नाही, पण पुढच्या वर्षी ठेका नवा झाला की आपल्याला ठेवतील का, ही धाकधूक रोजची. पावसाळा आला, हात कमी पडायला लागले, तेव्हा आम्हाला परत बोलावलं. माफी कुणी मागितली नाही, आम्हीही ती मागायला गेलो नाही.

तुम्ही बचत गटातल्या बाया, तुम्हाला हे पटकन कळेल. बैठकीत तोंडी कितीही ठरो, ठराव वहीत नसेल आणि खाली सह्या नसतील तर तो झालाच नाही. आमच्या कार्यशाळेत बायकांना कपडे बदलायला जागा नव्हती, स्वच्छतागृह पार कचेरीच्या टोकाला. दीड वर्ष तोंडी सांगत होतो. अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा तिसऱ्या महिन्यात खोली मिळाली. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या तुमच्या मुलीबाळींनाही सांगा, पगाराची चिठ्ठी मागून घ्या, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मागून घ्या आणि पैसे खरंच भरले जाताहेत का ते मोबाईलवर बघत जा. कापलेले पैसे आणि भरलेले पैसे कधी कधी एकच नसतात.

गावोगावी गटांनी आता छोटे टेम्पो घेतलेत. भाजी, दूध, पापड बाजारात न्यायला. ड्रायव्हर दुसरा असला तरी गाडी तुमची आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी बघत चला. सकाळी गाडी चालू करण्याआधी, सपाट जागी, तेलाची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफ तोंडावर येते. मागून निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल खातंय. काळा येत असेल तर आधी हवेचा फिल्टर बघायला सांगा, बऱ्याचदा तो शेताच्या धुळीने भरलेला असतो. आणि ब्रेकचा पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर त्या दिवशी बाजार चुकला तरी चालेल, गाडी हलवू देऊ नका. ड्रायव्हर म्हणेल, “काही होत नाही, वहिनी.” त्याला वहीत लिहून सही करायला सांगा.

मुलींसाठी सांगायचं तर, दहावी पास झाल्यावर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावीच्या निकालानंतर ऑनलाईन अर्ज सुरू होतात, मुलींना राखीव जागा असतात. बऱ्याच ठिकाणी त्या भरत नाहीत आणि मुली शिवणकामाच्या यादीत थांबून राहतात. शिवणकाम वाईट नाही, पण यादी लांब आहे. आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवार म्हणून एसटीच्या आगारात, कार्यशाळेत काम मिळू शकतं. विद्यावेतन थोडं असतं, पण हात तिथेच बसतो. आता विजेच्या गाड्या येताहेत. त्यात इंजिनाचं तेल नाही, क्लच नाही, पण नारिंगी रंगाच्या जाड वायरी असतात. त्यांत जीवघेणा दाब असतो, प्रशिक्षण नसताना त्यांना बोटही लावायचं नाही. ते प्रशिक्षण सगळ्यांनाच नवं आहे. तिथे वीस वर्षांचा मिस्त्री आणि काल आलेली पोरगी एकाच बाकावर बसतात. आमच्यातल्या दोघी सध्या तेच शिकताहेत.

हाताचं विचारलं होतं एका ताईंनी मागच्या वेळी चिठ्ठी पाठवून, की काळं निघतं का. निघतं. डिझेलने धुवू नका, कातडी फुटते. लाकडाचा बारीक भुसा आणि साबण चोळायचा. नखांच्या कडेचं मात्र राहतंच थोडं. लग्नकार्याला मेंदी काढली की दिसत नाही.

आमची पाळी दोनची आहे, निघतो. नमस्कार.