द्राक्षावरील केवडा आणि फवारणीची वेळ



मीना आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांत, वडज व येडगावच्या पाण्याच्या आधाराने नारायणगाव परिसरातील द्राक्षबागा बहरल्या. जुन्नरच्या काळ्या द्राक्षांना आज परदेशातही मागणी आहे. तथापि बागेचे वर्षाचे भवितव्य ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पहिल्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ठरते, आणि नेमका त्याच सुमारास परतीचा पाऊस रेंगाळतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाबरोबर आलेल्या अवकाळी पावसानंतर राज्यातील अनेक बागा केवड्याच्या तडाख्यात सापडल्या. पान गेले तर नवे फुटते. फुलोऱ्यात कुजलेला घड त्या हंगामात परत येत नाही.

भुरी व केवडा या दोहोंना सरसकट 'बुरशी' म्हणण्याचा प्रघात आहे आणि बराचसा खर्च तेथेच वाया जातो. भुरी पानावर राखेसारखी पसरते. तिला पान ओले असण्याची गरज नसते, व गंधकाने ती आटोक्यात येते. केवड्याचा जीव शास्त्रीयदृष्ट्या खरी बुरशी नव्हेच. तो शैवालांचा दूरचा नातलग आहे. त्याचे बीजाणू पानावरील पाण्याच्या थरात पोहतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. त्याच्यावर गंधकाची मात्रा चालत नाही. द्राक्षाची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस असल्याने केवळ वरून पाने चिंब करणारी फवारणी शत्रूची वाट मोकळीच सोडते.

शिरकाव झाल्यावर अनुकूल हवेत चार ते सात दिवस डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग पानावर तेलकट पिवळसर डाग उमटतात आणि दमट रात्रीनंतर त्याच डागांखाली पांढरी लव येते. ती पाहून पंपाकडे धावणारा बागायतदार आठवडाभर मागे पडलेला असतो. संरक्षक औषध पावसाच्या आधी पानावर असले पाहिजे, नंतर नव्हे.

अशा औषधांत बोर्डो मिश्रणाचा मान जुना आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली केवड्यातून वाचल्याचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी लागते. दोन्ही द्रावणे लोखंडी नसलेल्या भांड्यांत वेगवेगळी करावीत आणि एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावीत. घासलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुन्याची निवळी घालणे अगत्याचे आहे. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. छाटणीनंतर काड्या व ओलांड्यांवर एक टक्का चालते. कोवळ्या फुटीवर मात्र ते सौम्य करून वापरावे, अन्यथा पाने करपतात. मणी धरल्यावर ते टाळावे, कारण निळे डाग ग्राहकाला खपत नाहीत.

आंतरप्रवाही औषधे उपयुक्त आहेत, पण एकाच गटातील औषध पुनःपुन्हा मारल्यास रोग त्याला दाद देईनासा होतो. गट बदलावेत, काढणीपूर्व किती दिवस फवारणी थांबवावी हे वेष्टनावर पाहावे आणि तारखा वहीत टिपाव्यात. निर्यातीत अंश तपासले जातात. तेथे स्मरणशक्ती कामी येत नाही.

औषधाइतकेच काम कात्री करते. फेलफुटी वेळीच काढल्या, दाटी विरळ केली, तर मांडवाखाली वारा खेळतो आणि दव लवकर सुकते. छाटणीतील व जमिनीवर पडलेली रोगट पाने बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत. पुढील हंगामाचे बीज त्यांतच दडलेले असते.

डाग केवड्याचाच की अन्य कशाचा, अशी शंका असल्यास ते पान ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बांधून ठेवावे. सकाळी डागाखाली पांढरी लव दिसल्यास निदान झालेच. तरीही निर्णय होत नसेल तर पान घेऊन नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे, आणि सोबत फवारणीची वही न्यावी.