बियाण्याचा हिशेब
(संस्थेच्या सभागृहात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आज या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर विचार मांडले गेले. त्या मानाने आमचा विषय अक्षरशः राईएवढा आहे. भाजीपाल्याचे बियाणे किती घ्यावे आणि त्यावर किती पैसा खर्च करावा, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. आम्ही म्हणजे या सभागृहामागील मोकळ्या जागेत भाजीपाला लावणारी कुटुंबे. आमच्यात जो बँकेत कारकून आहे त्याच्यावर बोलण्याचे काम सोपवले आहे. पहिल्या वर्षीची चूकही त्याचीच होती, म्हणून हे योग्यच झाले.

२०२२ साली संस्थेने ही जागा चौदा कुटुंबांना वाटून दिली. प्रत्येकाच्या वाट्याला वीस फूट बाय पंधरा फूट, म्हणजे तीनशे चौरस फुटांचा तुकडा आला. अशी वाटून दिलेली बाग ही काही नवी कल्पना नाही. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने अशा जागा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तिथला रूढ तुकडा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या अडीच गुंठ्यांचा असतो. आमचा तुकडा त्याच्या नवव्या हिश्श्याएवढा. पण चार-पाच माणसांच्या घराला पालेभाजी पुरवायला तोही कमी नाही, हे आता आम्ही अनुभवाने सांगतो.

प्रत्येक कुटुंबाने दीडशे रुपये वर्गणी दिली. एकवीसशे रुपये जमले. प्रस्तुत वक्ता ते पैसे घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाण्यांच्या दुकानात गेला. तिथे भिंतभर रंगीत पाकिटे लटकत होती. लालभडक टोमॅटो, पांढरीशुभ्र फुलकोबी, ढोबळी मिरची. आम्ही भाजीचा विचारच केला नाही, चित्रे विकत घेतली. संकरित टोमॅटोचे दहा ग्रॅमचे पाकीट साडेपाचशे रुपये, फुलकोबी चारशे ऐंशी, ढोबळी मिरची तीनशे नव्वद. उरलेल्या चारशे चाळीस रुपयांत भेंडी, मेथी, पालक आणि दुधी. एकूण अठराशे साठ. पावती घ्यायचेही सुचले नाही. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरे तपासणारा माणूस स्वतः बिनपावतीचा परत आला.

पुढे काय झाले ते सभासदांना ठाऊकच आहे. टोमॅटोचे सगळे बी एकाच वाफ्यात दाट टाकले. पाऊस लागून राहिला आणि रोपे बुडाशी कुजून आडवी झाली. फुलकोबी मूळची थंडीतली भाजी, आमच्या वाणाने पावसाळ्यात तग धरला नाही. ढोबळी मिरचीची फुले गळाली. भेंडीचे बी जेमतेम उगवले, कारण पाकिटावरची मुदत आधीच संपलेली होती. ती आम्ही वाचली नव्हती आणि पावती नसल्यामुळे भांडायलाही तोंड नव्हते.

दिवाळीनंतरच्या बैठकीत एका मावशींनी विचारले, “बँकेत जगाचा हिशेब ठेवता भाऊ, आमचे दीडशे कुठं गेले?” मावशी चार घरी स्वयंपाकाला जातात. दीडशे रुपये म्हणजे त्यांच्या घरची आठवड्याची भाजी होती. आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या वर्षी पाच कुटुंबांनी जागा सोडली. मावशींनी मात्र सोडली नाही. “माझे पैसे इथंच गेले, ते इथूनच काढीन,” असे त्या म्हणाल्या.

पुढचे सर्व त्या प्रश्नातून शिकलो. ते क्रमाने सांगतो. विद्यार्थ्यांनी वहीत टिपून घ्यावे, गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, अंदाजपत्रक दुकानात करू नये, स्वयंपाकघरात करावे. प्रत्येक घराने एक महिनाभर कोणती भाजी किती वेळा आणली ते लिहून काढले. पालेभाजी आठवड्यातून तीनदा, सांभार जवळजवळ रोज, भेंडी-वांगी-चवळी आलटून पालटून. फुलकोबी महिन्यातून एकदा, ढोबळी मिरची कुणाच्याच यादीत नाही. म्हणजे आमचा दोनतृतीयांशाहून अधिक पैसा ज्या तीन पाकिटांवर गेला, त्यांतल्या दोन भाज्या घरात क्वचितच शिजत होत्या!

दुसरी गोष्ट, जागेचे व्याज पाहावे. फुलकोबीचे रोप सुमारे तीन महिने जागा अडवते आणि एकच गड्डा देते. मेथी महिनाभरात निघते, मुळा चाळीस-पन्नास दिवसांत. भेंडी दीड महिन्यानंतर सुरू होते ती दोन-दोन दिवसांनी तोडावी लागते. बटाटे, कांदे बाजारात टिकाऊ आणि पोत्याने मिळतात, त्यांना तीनशे फुटांत जागा देऊ नये. जी भाजी रोज ताजी लागते आणि दोन दिवसांत मान टाकते, तीच घरची असावी.

तिसरी गोष्ट, आधी झाडे मोजावीत, मग बिया, मग ग्रॅम आणि सर्वांत शेवटी रुपये. भेंडीचे उदाहरण घेऊ. बारा फूट लांब वाफ्यात दीड फुटावर तीन ओळी, ओळीत फुटा-फुटावर एक जागा. झाल्या छत्तीस जागा. प्रत्येक ठिकाणी दोन बिया म्हणजे बहात्तर. एका ग्रॅममध्ये भेंडीच्या साधारण सोळा बिया बसतात. म्हणजे एका कुटुंबाला पाच ग्रॅम पुरे. आता टोमॅटो पाहा. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया असतात. पहिल्या वर्षी चौदा कुटुंबांना प्रत्येकी बारा याप्रमाणे एकशे अडुसष्ट रोपे हवी होती. मर धरूनही तीनशे बिया, म्हणजे एक ग्रॅम पुरला असता. आम्ही दहा ग्रॅम आणले! नुकसान पावसाने केले असे आम्ही म्हणत होतो. खरे तर ते दुकानाच्या गल्ल्यावरच झाले होते.

चौथी गोष्ट, वर्षाचा पैसा एकदम खर्चू नये, तीन हंगामांत वाटावा. जून-जुलैत भेंडी, चवळी, वांगी, मिरची आणि वेलभाज्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेथी, पालक, सांभार, मुळा, गाजर. जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत पुन्हा भेंडी, गवार, काकडी. मेथी आणि सांभार एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावे. तीस चौरस फुटांच्या वाफ्याला एका वेळी मेथी दहा-बारा ग्रॅम आणि सांभार वीस ग्रॅमच्या आसपास लागतो. शिवाय एकूण रकमेचा पाचवा हिस्सा हातात राखावा. पावसाने पेरणी वाहून गेली तर दुसऱ्यांदा पेरायला तो लागतोच.

पाचवी गोष्ट, लेबल वाचावे आणि पावती घ्यावी. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली उगवणशक्तीची किमान मर्यादा ठरलेली आहे. भेंडीला ६५ टक्के, टोमॅटोला ७०, मिरचीला ६०. लेबलवर ही टक्केवारी, तपासणीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असते. प्रमाणित बियाण्याला निळे लेबल, सत्यप्रत बियाण्याला हिरवे. बियाणे विकणाऱ्याने ग्राहकाला पावती देणे १९८३ च्या नियंत्रण आदेशानुसार बंधनकारक आहे. ती मागताना संकोच करू नये. वीस रुपयांच्या पाकिटाचीही मागावी.

इथे माता-भगिनींना एक इशारा. दुकानातल्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशकाची रंगीत भुकटी चोळलेली असते. ते विष आहे. उरलेले बी चुकूनही फोडणीत किंवा दळणात जाऊ देऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये. उलट किराणा दुकानातली मेथी मात्र पेरली तर उगवते, धणेही हलके रगडून दोन फाकी करून पेरले तर उगवतात, आणि ते फार स्वस्त पडतात. फक्त जुने नाहीत ना, ते आधी तपासावे.

तपासणे सोपे आहे. ते काम आमच्याकडे आठवी-नववीचे विद्यार्थी करतात. ओल्या फडक्यात वीस बिया मोजून गुंडाळायच्या, फडके सुकू द्यायचे नाही आणि आठवड्याने मोड मोजायचे. वीसपैकी सोळा उगवल्या तर उत्तम. दहाच उगवल्या तर दुप्पट बी पेरायचे किंवा दुसरे आणायचे. एका मुलीने मागच्या वर्षी डब्यातल्या कांद्याच्या बियांची अशी परीक्षा घेतली. वीसपैकी दोनच उगवल्या. कांद्याचे बी वर्षभरात दम सोडते. टोमॅटो-वांग्याचे कोरडे ठेवले तर तीन-चार वर्षे टिकते. त्या मुलीच्या वीस बियांनी एक अख्खा वाफा वाचवला.

सहावी आणि शेवटची गोष्ट आम्हाला मावशींनी शिकवली. त्यांच्याकडे माहेरची चवळी होती, राखेत घोळवून डब्यात ठेवलेली. दरवर्षी चांगल्या वेलावरच्या काही शेंगा त्या तोडत नाहीत, वाळू देतात. आम्ही तेच भेंडीला केले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा सरळ वाण आणला. निरोगी झाडांवरच्या दोन शेंगा वाळवल्या तर शंभराच्या आसपास बिया मिळतात. आपल्याला लागतात बहात्तर. म्हणजे दोन शेंगा न तोडल्याने पुढच्या वर्षीचा भेंडीचा खर्च शून्य! संकरित वाणाचे बी मात्र राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे असेच घरात जपले. त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार मिळाला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क मान्य केला आहे.

आता हिशेब मांडतो. २०२३ साली आम्ही नऊच कुटुंबे उरलो होतो. प्रत्येकी शंभर, एकूण नऊशे जमले. खरिपात तीनशे दहा, रब्बीत दोनशे नव्वद, उन्हाळ्यात एकशे साठ, असे सातशे साठ खर्च झाले. एकशे चाळीस शिल्लक राहिले. २०२४ साली सोडून गेलेल्यांपैकी तीन कुटुंबे परत आली. बारा घरांनी साठ-साठ रुपये दिले, सातशे वीस जमले. भेंडी, चवळी आणि टोमॅटोचे बी घरचेच होते. खर्च झाला चारशे पंधरा. पाकीट न पाकीट, तारीख, मुदत, वजन, किंमत, कोणत्या वाफ्यात पेरले आणि किती उगवले, हे सर्व एका वहीत आहे. ती वही सभागृहाच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे. कुणीही उघडावी.

अध्यक्ष महोदय, त्या जागेवर वाहनतळ करावा अशी सूचना मंडळापुढे आली आहे, याची आम्हाला कल्पना आहे. सूचना करणाऱ्यांची अडचण खोटी नाही. कार्यक्रमाच्या दिवशी गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतात. आणि पहिल्या वर्षी आमच्या वाफ्यांकडे पाहून कुणालाही हेच सुचले असते. आमची विनंती एवढीच की निर्णय घेण्यापूर्वी मंडळाने ती वही वाचावी. तिच्यात आमच्या चुकाही शाईने लिहिलेल्या आहेत, एकही खोडलेली नाही.

मावशींचे दीडशे रुपये निघाले का, असे कुणी विचारील. गेल्या पावसाळ्यात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यांनी आठवडी बाजारातून कांदे-बटाट्यांखेरीज काही आणले नाही. आम्ही त्यांना विचारले, “मावशी, फिटले का?” त्या म्हणाल्या, “माझे फिटले. आता त्या उरलेल्या दोन घरांचं पाहा.” ती दोन कुटुंबे आज या सभागृहात बसलेली आहेत. त्यांच्या वाट्याचे तुकडे आम्ही कुणाला दिलेले नाहीत, आणि त्यांच्यासाठी भेंडीच्या बियांच्या दोन पुड्या बांधून ठेवल्या आहेत. वर्गणी पुढच्या वर्षीपासून घेऊ.

 जय भीम.