किनारा सजवण्याआधी नदी मोजू या

(भंडारा इथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



मी इंजिनिअरिंग शिकलो आणि सॉफ्टवेअरवर पोट भरतो. नदीचा तज्ज्ञ नाही. पण आमच्या कामात एक चूक नेहमी होते, आणि तीच चूक मला नदीकाठच्या प्रकल्पांत दिसते. काम सुरू करताना आम्ही त्याची हद्द ठरवतो. हद्दीच्या आतलं सगळं तपासतो आणि ते चालतंही. बिघाड होतो तो बाहेरून आत येणाऱ्या गोष्टींमुळे, ज्या कोणी तपासलेल्याच नसतात.

आता वैनगंगेकडे बघा. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. धरणाला 33 दरवाजे आहेत आणि त्याचा फुगवटा आपल्या शहरापर्यंत येतो. पूर्वी वाहणारी नदी आता बराच काळ तळ्यासारखी थांबलेली असते. या जलाशयावर जलपर्यटन उभं करायचं सरकारने ठरवलंय. बोटी, घाट, फिरायला रस्ता, हॉटेलं, सगळं येईल. आंभोऱ्याच्या नव्या पुलावर लोक आत्ताच गर्दी करतात.

याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. इथल्या पोरांना कामासाठी नागपूर-पुण्याची गाडी धरावी लागते, मीही धरली. चार रोजगार इथे येत असतील तर ते हवेतच. माझा प्रश्न एवढाच आहे, की प्रकल्पाची हद्द कुठे आखणार?

पहिली गोष्ट पाण्याची. नागपूरची नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. म्हणजे नागपूरच्या मोरीतलं पाणी शेवटी आपल्या जलाशयात मुक्कामाला येतं. भंडारा, तुमसर, पवनी यांचा उतारही वैनगंगेकडेच, त्यामुळे बोट फक्त नागपूरकडे दाखवून आपण सुटत नाही. वाहत्या पाण्यात घाण पुढे जाते, हवा मिसळत राहते. थांबलेल्या पाण्यात ती साचते. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन जलपर्णी फोफावते, ती सडली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. घाटाला कितीही चांगला दगड लावला तरी हे थांबत नाही.

उपाय नाही असं मात्र नाही. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं नागपूरचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तिथे तेवढं ताजं पाणी वाचतं. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे 1,900 कोटींच्या योजनेला केंद्राने मंजुरी दिली आहे. माझ्या मते आपल्या पर्यटन प्रकल्पाचं वेळापत्रक त्या योजनेला बांधलेलं असलं पाहिजे. तिकडे पाणी शुद्ध होत नसेल तर इकडे बोटींची संख्या वाढवून काय साधणार?

दुसरी गोष्ट पुराची. 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि ते आपल्या घरांत शिरलं. पाऊस तिकडचा, चिखल आपल्या घरात.

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. ढोबळमानाने, निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे शब्द फसवे आहेत. आपल्याला वाटतं, 2020 ला येऊन गेला, आता 25 वर्षं निवांत. तसं नसतं. निळ्या रेषेपर्यंत पूर येण्याची शक्यता दरवर्षी 4 टक्के असते. दहा वर्षांचा हिशोब केला तर किमान एकदा तो येण्याची शक्यता साधारण 33 टक्के निघते. तिनात एक! निळ्या रेषेच्या आत बगीचा, खेळाचं मैदान चालेल, पाणी येईल आणि जाईल. पण तिथे भराव टाकून पक्कं बांधकाम केलं, तर नदी आपली जागा दुसरीकडे शोधते. ती दुसरीकडची जागा म्हणजे बहुतेक वेळा गरिबाची वस्ती.

या कामात सगळे अहमदाबादच्या साबरमतीचं उदाहरण देतात. तेही नीट बघू या. 2005 साली तिथे काम सुरू झालं. सुमारे 11 किलोमीटर दोन्ही काठांना भिंती बांधल्या, पात्र 263 मीटर रुंदीचं एकसारखं केलं, त्यातून जमीन मोकळी झाली. संध्याकाळी तिथे फिरायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तिथे भरलेलं दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे. वासणा बंधाऱ्याच्या खाली गेलात की सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी लागतं. 2021 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. हद्दीच्या आत नदी सुंदर झाली, हद्दीबाहेर तीच नदी मेली.

आणि माणसं? काठावरची हजारो कुटुंबं उठवली गेली. त्यांत मुस्लिम आणि दलित मोठ्या संख्येने होते. बऱ्याच जणांना शहराच्या टोकाला घरं मिळाली, पण धंदा, शाळा, दवाखाना मागेच राहिला.

त्याच काठावर रविवारचा गुजरी बाजार भरायचा. जुन्या वस्तू विकणारे छोटे व्यापारी. प्रकल्पात त्यांची जागा जाणार होती. त्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. तिथल्या आयआयएम आणि एनआयडीच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी बाजारात फिरून पाहणी केली: किती विक्रेते, किती गिऱ्हाइकं, कोणाचं घर यावर चालतं. पर्यायी आराखडेही काढले. 2014 मध्ये बाजाराला त्याच नदीकाठी नवी जागा मिळाली. सगळ्यांचं सगळं मिळालं असं नाही, पण बाजार शहराबाहेर फेकला गेला नाही. माझ्यासाठी साबरमतीचा खरा धडा हा आहे. ज्याची मोजदाद झाली, त्याला जागा मिळाली.

आपल्याकडे कोणाची मोजदाद व्हायला हवी? गोसीखुर्दमध्ये गावं बुडालेल्यांची एक पिढी आधीच पुनर्वसनासाठी भांडत म्हातारी झाली. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाड्या लागायच्या, फुगवट्याने ती वाळूच पाण्याखाली घेतली. ढिवर बांधवांची जाळी त्या पाण्यात असतात. उद्या तिथे वेगवान बोटी फिरल्या तर जाळी कुठे टाकायची, हे त्यांना कोणी विचारलंय? बोटी चालवण्याचा पहिला हक्क मच्छीमार सोसायट्यांना का नको? पाणी त्यांच्याइतकं कोणाला कळतं?

तुम्ही म्हणाल, यात आमचा काय संबंध. आपल्या तरुणांची एक अडचण मला दिसते. आपण नागरिक म्हणून बहुतेक वेळा आपल्यावर बेतलं तरच बोलतो. नदीवर बोलायला तर कोणी आपल्याला बोलावत नाही, आणि आपणही जात नाही. गेलं पाहिजे. पूर आला की तो घरावरची पाटी वाचत नाही.

तर तीन कामं सांगतो. एक, माहिती अधिकारात आपल्या शहराचा पूररेषेचा नकाशा मागा आणि प्रकल्पाचा आराखडा त्यावर ठेवून बघा. दोन, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पाण्याचे आकडे दर महिन्याला वहीत उतरवा. आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅमपेक्षा कमी नको, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. तीन, चार-चार जणांचे गट करून काठावरच्या गावांत जा आणि कोण कशावर जगतं ते लिहून आणा. ढिवरांच्या वस्तीत जाल तेव्हा सांगायला नको, ऐकायला जा.

पुढच्या पावसाळ्याआधी ही वही भरलेली हवी. मग तीच घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ. मीही येईन, सुट्टी टाकून.