ज्यूरीवांचून झालेला न्याय

प्रसिद्ध मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला म्हणजे एक खटला कोर्टाच्या आंत चालतो आणि दुसरा बाहेर, घरोघरच्या चहाच्या पेल्यांभोवतीं. दक्षिण आफ्रिकेंतील ऑस्कर पिस्टोरियस याच्या खटल्यांत या दुसऱ्याचा गलबला फार मोठा झाला. अकरा महिन्यांचा असतांना त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखालीं कापावे लागले. तरी कृत्रिम पात्यांवर धांवून २०१२ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत तो धडधाकट धांवपटूंच्या बरोबरीनें शर्यतींत उतरला. ता. १४ फेब्रुवारी २०१३ रोजीं पहाटे, प्रिटोरिया येथील आपल्या घरीं, त्यानें शौचकूपाच्या बंद दारांतून चार गोळ्या झाडल्या. दाराआड त्याची मैत्रीण रीवा स्टीनकँप होती. ती मरण पावली. चोर शिरला असें वाटलें, हा त्याचा बचाव. भांडणाच्या भरांत तिला जाणूनबुजून मारलें, हें सरकारपक्षाचें म्हणणें.

खटला ज्यूरीपुढें चालला नाहीं, कारण त्या देशांत ज्यूरीच नाहीं. १९६९ सालीं ती पद्धति बंद झाली. (त्या ज्यूरींत बहुधा गोरे पुरुषच बसत; काळ्या आरोपीस त्यांच्यापुढें कितपत न्याय मिळत असेल याची कल्पना करावी.) आतां न्यायासनावर थोकोझिले मासिपा होत्या, सोवेटोंत जन्मलेल्या, पूर्वायुष्यांत वृत्तपत्रासाठीं गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणाऱ्या, कृष्णवर्णीय बाई. साह्यास दोन असेसर. घडलें काय, याविषयीं तिघांच्या मतांस सारखें वजन. कायद्याचा प्रश्न मात्र एकट्या न्यायाधीशाचा.

सप्टेंबर २०१४ मध्यें बाईंनीं दोन दिवस निकाल वाचला. खून नव्हे, सदोष मनुष्यवध. पुढें शिक्षा पांच वर्षांची. लोक खवळले. एका व्यक्तीच्या हातीं एवढी सत्ता नसती, बारा सामान्य माणसें बसलीं असतीं, तर असें झालें नसतें, असें पुष्कळांनीं म्हटलें. निकाल चुकला होता हें खरें. पण त्यावरून काढलेला हा बोध अगदीं उलटा आहे.

चूक कोठें झाली? रीवा बिछान्यांत आहे असें आरोपीस वाटत होतें. तेव्हां दाराआडच्या व्यक्तीचा, रीवाचा तर नाहींच, मृत्यु होईल हें त्याच्या ध्यानीं आलें नसावें, असा बाईंचा तर्क. परंतु तेथील कायद्याप्रमाणें, आपल्या कृत्यानें मनुष्य मरण्याचा संभव दिसत असूनहि जो बेफिकीरपणें तें कृत्य करतो तो खुनीच. मरणारा कोण, हा प्रश्न गौण. चोर झाला तरी तोहि मनुष्यच. ब्लूमफाँटेन येथील वरिष्ठ अपील न्यायालयानें ता. ३ डिसेंबर २०१५ रोजीं नेमकें येथेंच बोट ठेवलें. लहानशी खोली, चार गोळ्या, लपावयास जागा नाहीं. आंत जो कोणी असेल तो मरेल हें गोळ्या झाडणाऱ्यास कळलेंच असलें पाहिजे. सदोष मनुष्यवध खोडला जाऊन तेथें खून आला.

हें बोट ठेवतां आलें तें बाईंनीं आपला तर्क पायरीपायरीनें लिहून ठेवला होता म्हणून. सरकारपक्षास तेथें अशा निकालाविरुद्ध अपील करावयाचें तर तें केवळ कायद्याच्या मुद्द्यावर करतां येतें. ज्यूरीनें तेंच मत 'खुनी नाहीं' एवढ्या दोन शब्दांत सांगितलें असतें, तर त्यामागें कायद्याची गैरसमजूत होती, कीं धांवपटूविषयीं कणव, कीं नुसता कंटाळा, हें कोणीं आणि कशावरून शोधावें?

मुंबईकर श्रोत्यांना येथें नानावटी खटला आठवेल. १९५९ सालीं ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्या नौदल-अधिकाऱ्यास निर्दोष ठरविलें. बाहेर लोकांचा कौलहि त्याच बाजूस होता. सेशन जज्जांस तें मत पटेना. त्यांनीं प्रकरण हायकोर्टाकडे धाडलें. तेथें जन्मठेप झाली व १९६१ सालीं सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. ज्यूरीस कायदा समजावून देतांना जज्जांनीं केलेल्या चुका वरिष्ठांस दाखवितां आल्या, कारण ते बोलले तें नोंदलेलें होतें. त्या आठ जणांच्या मनांत काय होतें याची नोंद मात्र कोठेंच नव्हती.

न्यायाधीशाचेहि पूर्वग्रह असतात, आणि तो एकटा असल्यामुळें टीकेचा सारा भडिमारहि त्याच्यावरच होतो. मासिपाबाईंवर तो झाला. जुलै २०१६ मध्यें खुनाबद्दल शिक्षा पुनः त्यांनाच ठरवावयाची होती. त्यांनीं सहा वर्षें दिलीं, आणि कां दिलीं तेंहि लिहिलें. तीं कारणें पुनः तपासलीं गेलीं, व ता. २४ नोव्हेंबर २०१७ रोजीं सहांचीं तेरा वर्षें पांच महिने झालीं. चार गोळ्यांपासून येथवर पोंचावयास पावणेपांच वर्षें लागलीं. रीवाच्या आईबापांस तीं कोर्टाच्या तारखा मोजीत काढावीं लागलीं. ता. ५ जानेवारी २०२४ रोजीं पिस्टोरियस पॅरोलवर सुटला, तो खुनाचा गुन्हेगार म्हणून.