तक्रार असेल त्यानं टाळ थांबवू नये

(शताब्दी सोहळ्यात मंदिराच्या सभामंडपात केलेलं भाषण)





मी चौथी शिकलेला माणूस. १९७२ चा दुष्काळ पडला अन् पाटी सुटली ती सुटलीच. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. सुकडी खाल्ली, मिलोच्या तांबड्या ज्वारीची भाकरी खाल्ली. पुढं जे काही शिकलो ते शेतात आणि या दिंडीत. म्हणून चुकलं माकलं पोटात घाला.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. इतिहास माझ्याआधी जाणत्या मंडळींनी सांगितला. मी एकच गोष्ट सांगणार आहे. वारीत आपण जे पाळतो, ते गावात आल्यावर पाळत नाही.

तुम्ही सगळ्यांनी पालखीच्या तळावरची समाजआरती बघितली आहे. पोराबाळांसाठी पुन्हा सांगतो. संध्याकाळी पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळांचा नुसता कल्लोळ. मग चोपदार चोप वर करतात आणि एका हाकेसरशी हजारो टाळ गप्प होतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली, कुणाला जागा मिळाली नाही, कुणाचं पाणी आलं नाही, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवलं-सापडलं सांगतात आणि मग आरती. हैबतबाबांनी घालून दिलेल्या शिस्तीच्या सोहळ्यात देवाची आरतीसुद्धा माणसाच्या तक्रारीसाठी थांबते, माउली!

आणि गावात काय होतं? ज्याची तक्रार मोठी, तोच गप्प बसतो.

आपलं गाव बालाघाटच्या डोंगरावरचं. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. आजोबांच्या वेळी एक शेत होतं, त्याचे आज वाटण्या होऊन पट्टे झाले. बाजरी, तूर, उडीद गेलं, कापूस आला, सोयाबीन आलं. बियाणं विकत, खत विकत, फवारणी विकत, आणि भाव आपल्या हातात नाही. दिवाळी झाली की निम्मं गाव उचल घेऊन कोयत्यावर जातं. पाडव्यापर्यंत घरांना कुलपं. मागं म्हातारी माणसं आणि लेकरं. वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून कोवळ्या वयात तिचं लग्न उरकतात. आणि शेती करणाऱ्या पोराला मुलगी कुणी देत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण आज सांगतोच.

२०१५ साली पाऊस दगा देऊन गेला. माझी दोन एकर मोसंबी वाळायला लागली. लेकरासारखी वाढवलेली झाडं. मी बोअर घेतला, ३०० फूट, नुसता फुफाटा. दुसरा घेतला, ५०० फूट, तोही कोरडा. तिसऱ्याला पाणी लागलं, ते दोन महिने चाललं आणि आटलं. सोसायटीचं कर्ज होतंच, वरून हातउसने आणि व्याजाचे पैसे. आमच्या घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. रात्री सप्ताहात कीर्तनाला उभा राहायचो, लोकांना सांगायचो, समाधान धरा, हाव सोडा. आणि घरी येऊन गोठ्यात बसायचो. तिथं बसून नको नको ते मनात यायला लागलं.

एका रात्री कीर्तन झालं. आपले पखवाजी बुवा माझ्या मागोमाग घरापर्यंत आले. म्हणाले, "महाराज, आज तुम्ही तीनदा ताल सोडला. चाळीस वर्षांत असं झालं नाही. काय झालंय?" मी म्हणालो, काही नाही. ते ओट्यावर बसले. म्हणाले, "मग मी पण जात नाही." तासभर बसले असतील. शेवटी मी सांगितलं. सांगता सांगता रडलो. आतून आमच्या घरची मंडळीही ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दिंडीतली चार माणसं आली. माझं कर्ज त्यांनी फेडलं नाही, त्यांच्याकडंही कुठं होतं? पण त्यांनी वही मांडली. कुणाचं किती, व्याज किती, आधी कुणाचं द्यायचं, सगळं लिहिलं. सोसायटीत दोघं बरोबर आले, दुष्काळ जाहीर होता म्हणून हप्ते बांधून मिळाले. व्याजवाल्याशी चौघांदेखत बोलणं झालं. मोसंबी तोडली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. पुढच्या पावसाला बाजरीत तूर टाकली, दोन शेळ्या घेतल्या. सात वर्षं लागली, पण आज तुमच्यासमोर उभा आहे. पखवाजी बुवा त्या रात्री उठून गेले असते, तर नसतो.

तुकोबारायांचंच बघा. घर सावकारीचं. मोठा दुष्काळ पडला, दुकान बसलं, घरातली माणसं गेली. आणि त्यातून उठल्यावर त्यांनी काय केलं? लोकांकडून येणं असलेल्या खतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. ज्यानं सोसलं त्यानं दुसऱ्याचं ओझं उतरवलं. आपण त्यांचं नाव घेतो, तर एवढं तरी करावं.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं तीन मागण्या मांडतो.

पहिली. दर एकादशीचं भजन झालं की आरतीआधी विचारायचं, कुणाची काही अडचण आहे का? असेल त्यानं टाळ वाजवत राहायचं. बायांनीही. घरातलं कर्ज त्यांना आधी कळतं. चौघांत बोलायचं नसेल तर वीणेकऱ्यांना एकट्याला सांगावं. आणि ऐकलेलं चावडीवर नेऊ नये.

दुसरी. मंदिराच्या भिंतीवर पावसाचा हिशेब लिहायचा. नगरजवळच्या हिवरे बाजारात ग्रामसभा बसून पाण्याचा ताळेबंद मांडते, किती पाऊस पडला त्यावर पिकं ठरवते आणि शेतीसाठी बोअर घेत नाही. मी तीन बोअर घेऊन जे शिकलो, ते त्यांनी आधीच ओळखलं होतं. खाली पाणी एकच आहे. माझा बोअर खोल गेला की शेजाऱ्याची विहीर आटते. वारीत टँकर आला की आपण रांगेनं पाणी घेतो. गावात रांग का नाही?

तिसरी. दिंडीची मोठी पातेली अकरा महिने पालथी पडलेली असतात. कोयत्याच्या हंगामात मागं राहिलेल्या लेकरांसाठी ती चुलीवर चढवा. भिशीतून शिधा काढू. पोरं इथं राहिली, जेवली, तर शाळेत जातील. पोरींच्या आयांनाही थोडा धीर येईल. पहिलं पोतं बाजरीचं माझं.

पोरांनी पुण्याला जाऊ नये असं मी म्हणत नाही. जा, शिका, कमवा. माझा मुलगाही गेला आहे. आषाढीला तो चालायला येतो तेव्हा मी त्याला शेताच्या बांधावर नेतो आणि खरा हिशेब दाखवतो. लपवत नाही. गाव टिकायचं असेल तर गावात खरं बोलता आलं पाहिजे, एवढंच मला कळतं.

पुढच्या शंभर वर्षांनी ही वीणा कुणाच्या गळ्यात असेल, ते विठोबाला ठाऊक. पण या वर्षी आपल्यातला कुणी गोठ्यात एकटा बसलेला नसावा, हे आपल्या हातात आहे. तसा कुणी आज या मंडपात असेल, तर बाबा, टाळ थांबवू नकोस. आम्ही येतो.

रामकृष्ण हरी.