गावची भाजी गावच्या शाळेत



नाशिक जिल्ह्यातील भाजीपाला रातोरात मुंबईच्या बाजारात पोहोचतो. मात्र शिवारालगतच्या शाळेतील खिचडीत तो पुष्कळदा दिसत नाही. तेथे बटाट्यावर भागविले जाते. गावात भाजी नसते असे नाही. शाळेला किती आणि केव्हा लागते, हा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

तो आज मांडू. शालेय पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी मुलास दरमहा ३ किलो धान्य मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेतच शिजविलेले अन्न देणे आले. २०२१ पासून योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे आहे. निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलास रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी द्यावयाची असते. म्हणजे शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेस रोज ५ किलो, सहा दिवसांच्या आठवड्यास ३० किलो.

बाजार समितीच्या मानाने हा माल किरकोळ; पण तो खंड न पडता हवा, आणि खरी अडचण तेथेच आहे. एकाच दिवशी पेरलेली मेथी एकदमच काढणीस येते. म्हणून शाळेसाठी मेथी, पालक आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरावी. पावसाळ्यात दोडका, दुधी, गवार, चवळी धरावी. बांधावर शेवग्याची दोन-चार झाडे असावीत; त्याचा पालाही खिचडीत चालतो. एकट्याने हे जमणे कठीण. तिघा-चौघांनी वार वाटून घ्यावेत. पैसे रोख मिळतीलच असे नाही, तेव्हा दर व मुदत आधीच बोलून घ्यावी. पेठ, सुरगाण्याकडील बंधूंनी नागलीचाही विचार करावा. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अगदीच अल्प.

आता शिकविण्याविषयी. शाळेत आलेली भाजी मुलांनीच तोलावी आणि वहीत मांडावी. बेरीज-भागाकार आपोआप होतो. पेरणीपूर्वी बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून वर्गात ठेवावेत. बहात्तर उगवले तर उगवणशक्ती ७२ टक्के. शेकडेवारी शिकविण्यास याहून सोपे साधन मला ठाऊक नाही, आणि घरच्या बियाण्याची परीक्षाही फुकटात होते!

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. फवारणीनंतर डब्यावरील लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याशिवाय भाजी शाळेत देऊ नये. फवारणीची तारीख भाजीसोबत चिठ्ठीवर लिहून द्यावी. मोठ्या मुलांना दिवस मोजू द्यावेत.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, म्हणजे बहुतेक गावांत आपणच. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी समितीत हा विषय काढा, म्हणजे मृगाच्या पावसावर दोडक्या-दुधीची आळी भरता येतील.